गोरे, गोमटे आणि ‘फेअर’

तीन वर्षांमागची गोष्ट. सहामाही परीक्षा आटोपली होती, दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली होती आणि मी सातवीच्या वर्गात प्रगतिपुस्तके वाटत होतो. आमच्या शाळेने त्या साली नव्या धर्तीची छापील प्रगतिपुस्तके आणली होती. गुणांच्या खाली हस्ताक्षर, टापटीप, वागणूक असे रकाने. आणि त्या प्रत्येकापुढे गुरुजींनी एक इंग्रजी शेरा मारायचा : एक्सलन्ट, गुड, फेअर किंवा पुअर. एका मुलीच्या हस्ताक्षरापुढे मी ‘फेअर’ लिहिले होते. अक्षर बरे होते. फार चांगले नाही, वाईटही नाही. तिच्या शेजारणीने ते वाचले आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गुरुजींनी हिला फेअर लिहिलंय!” वर्ग खदखदून हसला. मुलगी रंगाने काळी होती. हसू मलाही आले. मी ते दाबले. पण पुरते दाबले गेले नाही आणि तिने ते पाहिले.

शाळा सुटल्यावर ती एकटीच माझ्या टेबलापाशी आली. प्रगतिपुस्तक पुढे करून म्हणाली, “गुरुजी, हे खोडून पुअर लिहा. मला चालेल.”

मी तिला समजावले की, बाई, या फेअरचा अर्थ गोरा असा नव्हे, बरा असा आहे. तिने ते निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग दोन्हीला एकच शब्द का?”

मजजवळ उत्तर नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत हे खरे. पण इंग्रजी जे येते ते कोश उशाशी घेऊन आणि गोष्टींची पुस्तके वाचून आलेले. त्या सुट्टीत घरची मंडळी चकली-कडबोळी खात होती आणि मी कोश चाळीत होतो. त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मी आज वाचकांच्या साक्षीने लिहून काढीत आहे. दिवाळीच्या फराळात एखादा पदार्थ जरा तिखट असला तर घरची माणसे रागावत नाहीत, या भरवशावर.

प्रथम एक गोंधळ निस्तरला पाहिजे. आपल्या मराठी कानांना ‘फेअर’ एकच ऐकू येतो आणि आपल्या देवनागरीत तो लिहिलाही एकच जातो. पण त्या एका ध्वनीच्या घरात निरनिराळ्या गावांहून आलेली तीन बिऱ्हाडे राहतात.

पहिले बिऱ्हाड ‘फेअरवेल’मधले. दहावीच्या मुलांना आपण फेब्रुवारीत फेअरवेल देतो. हा फेअर जुन्या इंग्रजीतल्या ‘जाणे, प्रवास करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाचा वंशज आहे. फेअरवेल म्हणजे ‘सुखाने जा’. वेलफेअर म्हणजे चालले आहे ते बरे चालणे. बसचे भाडे म्हणजेही फेअरच. जाण्याचे मोल म्हणून. इंग्रज याची अक्षरे निराळी लिहितो, त्यामुळे त्याचा गोंधळ कमी होतो, आपला होतो.

दुसरे बिऱ्हाड ‘बुक फेअर’मधले. हा फेअर लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्लंडात उतरला. लॅटिनमध्ये त्याचे मूळ ‘फेरिए’, म्हणजे सणाचे, सुट्टीचे दिवस. सणाला देवळाशी माणसे जमत. माणसे जमली की दुकाने लागत. पुढे सण मागे राहिला आणि बाजार उरला. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपली ‘जत्रा’ ही ‘यात्रा’ या शब्दाचीच मुलगी आहे. देवाला म्हणून निघालेला माणूस येताना बांगड्या आणि बत्तासे घेऊन येतो, हे इंग्रजी शब्दालाही ठाऊक आहे आणि मराठीलाही. गोव्यातल्या जुन्या माणसांना पोर्तुगीज वारांची नावे आठवत असतील. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत प्रत्येक वाराच्या नावाला ‘फैरा’ हे जे शेपूट असते, ते याच लॅटिन शब्दाचे.

लंडनचा मेफेअर हा श्रीमंतांचा भाग सर्वांना ऐकून माहीत असतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे दर मे महिन्यात जत्रा भरत असे. तिच्यावरून हे नाव पडले. आज तेथे जे राहतात त्यांच्या पत्त्यात एका गलबल्याच्या जत्रेचे नाव आहे, ही काळाची थट्टाच म्हणायची. जॉन बन्यन या धर्मोपदेशकाने १६७८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात एक अशीच जत्रा उभी केली. जेथे मानमरातब, राज्ये, सुखे सारे विकायला मांडले आहे अशी ती पोकळ डौलाची जत्रा. त्याच ग्रंथाचा मराठी अवतार म्हणजे हरि केशवजींचे १८४१ सालचे ‘यात्रिकक्रमण’. मराठी कादंबरीच्या इतिहासाच्या अगदी उंबऱ्याशी त्याचे नाव घेतले जाते. आणि कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेने १८४७-४८ मध्ये हप्त्याहप्त्याने जी मोठी कादंबरी लिहिली, तिच्यासाठी त्याने बन्यनच्या त्या जत्रेचेच नाव उचलले. ‘व्हॅनिटी फेअर’ म्हणजे कुणी गर्विष्ठ सुंदरी, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. कादंबरीच्या नायिकेकडे पाहता माझी ही चूक अगदीच निराधार नव्हती. पण चूक ती चूकच.

आता राहिले तिसरे बिऱ्हाड, आणि भांडण आहे ते याच्याशी.

हा फेअर अस्सल जर्मानिक कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘सुंदर, डोळ्यांना रुचणारे’ असा होता. सुंदर माणूस फेअर, सुंदर जागा फेअर, निरभ्र दिवस फेअर. त्याचा गॉथिक भाषेतला भाऊ तर ‘योग्य, जुळणारे’ एवढ्याच अर्थाने वावरत असे. यात रंगाचा संबंध कोठेही नाही. या अर्थाच्या झाडाला पुढे फांद्या फुटत गेल्या. जे वागणे पाहायला बरे वाटते ते रास्त, म्हणून फेअर म्हणजे न्याय्य. रेशनच्या दुकानाला इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात ते याच अर्थाने. डाग-खाडाखोड नसलेले लिखाण फेअर. आमच्या मुलांची ‘फेअरची वही’ ती हीच. आणि वापरून वापरून नाणे झिजावे तसा झिजत हाच शब्द शेवटी ‘ठीक, बरा’ इतक्या अर्थावर आला. त्या मुलीच्या हस्ताक्षरापुढे मी लिहिला तो हा झिजलेला शेरा. आपल्याकडेही असेच घडले आहे. ‘बरवे’ म्हणजे सुंदर; त्याच्याच कुळातले ‘बरे’ म्हणजे आज आपण कसेबसे उत्तीर्ण करतो ते.

याच झाडाची आणखी एक फांदी म्हणजे फेअर म्हणजे उजळ कातडीचा. सुंदर कोण, असे विचारले की ज्या देशात बहुतेक माणसे गोरीच होती, तेथे उजळ केसांची, उजळ वर्णाची व्यक्ती लोकांच्या डोळ्यांपुढे आली. आवड होती ती व्याख्या झाली. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा अर्थ इतका रुळला होता की, तो त्यावर खुशाल कोट्या करू शकत होता.

येथपर्यंत कोणताही कोश सांगेल. मला जे सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे आहे. शब्दाचा अर्थ पाहताना आपण त्याच्या समोर कोण उभा आहे हे पाहत नाही. जुन्या फेअरच्या समोर उभा होता ‘फाउल’, म्हणजे घाणेरडा, ओंगळ, कुजका. हवा फेअर नसेल तर फाउल; खेळ फेअर नसेल तर फाउल. क्रीडांगणावर पंच आजही शिट्टी वाजवून हाच शब्द उच्चारतो. ही जोडी ठीक होती. तिच्यात कुणाचा अपमान नव्हता. पण फेअर म्हणजे गोरा हा अर्थ पक्का झाला, तेव्हा त्याच्या समोरच्या जागेवर काळा येऊन बसला. जागा जुनीच, बसणारा नवा. आणि त्या जागेला फाउलचा जो वास लागलेला होता, तो बिचाऱ्या काळ्याच्या अंगाला लागला. रंगाने काही केले नव्हते. त्याला फक्त चुकीच्या जागी बसवले गेले. माझ्या वर्गातली मुले हसली ती त्या वासाला. त्यांना इंग्रजी धड चार ओळी येत नव्हत्या. पण ही जागा कोणाची, हे मात्र न शिकवता येत होते.

या शब्दाने काय घोटाळे होतात ते पाहायचे तर ‘मर्चन्ट ऑफ व्हेनिस’ उघडावे. लहानपणी मी ते नाटक चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी १८०७ साली लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकातून वाचले होते. त्या गोष्टीत पोर्शिया म्हणजे न्यायाची आणि दयेची मूर्ती. पुढे मूळ नाटक कोशाच्या काठीने टेकत टेकत वाचले, तेव्हा ध्यानात आले की लँब मंडळींनी सोन्या-चांदी-शिशाच्या पेट्यांची सारी कथाच गाळली आहे. आणि तिच्याबरोबर मोरोक्कोचा राजपुत्रही गळाला आहे. हा राजपुत्र काळा. तो पोर्शियाला मागणी घालायला येतो आणि पहिलीच विनंती करतो ती आपल्या वर्णाचा राग धरू नये अशी. तो येण्याआधीच पोर्शिया दासीजवळ बोलून चुकली आहे की, त्याचा स्वभाव संताचा असला तरी वर्ण सैतानाचा असेल तर तो नवरा म्हणून नको. आणि तोंडावर मात्र ती त्याला सांगते की, आजवर आलेल्या इतरांइतकेच तुम्हीही माझ्या दृष्टीने फेअर आहात. या एका शब्दात सौजन्य आहे, न्याय्य संधीचे आश्वासन आहे, आणि रंगाची थट्टाही आहे. शिवाय आधी आलेल्या साऱ्यांची तिने यथेच्छ टवाळी केलेली आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. राजपुत्र चुकीची पेटी उघडून निघून जातो, तेव्हा ती सुटकेचा श्वास टाकून म्हणते की, त्याच्या रंगाच्या साऱ्यांनी अशीच निवड करावी.

हीच पोर्शिया पुढे वकिलाचा झगा घालून न्यायासनासमोर उभी राहते. बसानिओने तिला पहिल्या अंकात फेअर म्हटले तेव्हा त्याला सुंदर म्हणायचे होते. चौथ्या अंकात साऱ्या व्हेनिसला ती फेअर वाटते, न्याय्य म्हणून. पण मधल्या पेट्यांच्या दालनात ती फक्त गोरी आहे. तीन अर्थ एका बाईत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटते, शेक्सपिअरला हे दिसत होते. नाही तर त्याने त्या राजपुत्राला इतके डौलदार बोलणे दिले नसते. आपण मात्र मुलांच्या हाती न्यायालयाचा प्रवेश देतो आणि पेट्यांचे दालन झाकून ठेवतो.

‘ऑथेल्लो’त तर व्हेनिसचा ड्यूकच, म्हणजे राज्याचा मुख्य न्यायाधीशच, डेस्डिमोनाच्या संतप्त बापाची समजूत घालतो की, गुणाला सौंदर्य मानाल तर तुमचा जावई काळ्यापेक्षा फेअरच अधिक आहे. बोलणारा भला आहे, हेतूही चांगला आहे. पण ही स्तुती करताना त्याने काय केले? ऑथेल्लोचे गुण मान्य करण्यासाठी त्याचा रंग पुसला. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले आणि देवलांनी १८९० मध्ये त्याचा ‘झुंझारराव’ केला. तेव्हापासून मराठी माणूस त्या नाटकाला रडत आला आहे. आपण नवऱ्याच्या संशयाला रडतो. ड्यूकच्या त्या गोड वाक्याला कुणी रडलेले मी पाहिले नाही, कारण तसली वाक्ये आपण स्वतःच बोलतो : “रंग जरा दबलेला आहे, पण मुलगी गुणाची आहे हो!” या वाक्यातला ‘पण’ मला आता फार टोचतो.

त्याच शेक्सपिअरने १६०९ साली छापल्या गेलेल्या सुनीतांत, एकशे सत्ताविसाव्यापासून पुढे, एका काळ्याभोर डोळ्यांच्या स्त्रीला उभी केले आणि सौंदर्याचा वारसा आता काळ्याकडे आला आहे असे बजावले. एकाच माणसाच्या लेखणीतून दोन्ही गोष्टी आल्या. म्हणून भाषेवर सारा दोष टाकून लेखकाला मोकळे होता येत नाही. भाषा जे हातात देते ते उलटे धरून पाहणे हे लेखकाचेच काम आहे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे इंग्रजांचे इंग्रजांना लखलाभ असो. आपल्या मराठीत गोरा तो गोरा आणि सुंदर तो सुंदर, शब्द वेगवेगळे आहेत. मीही आधी असेच म्हणून खूष झालो होतो. मग मला ‘गोमटा’ आठवला.

जुन्या मराठीत गोमटे म्हणजे सुंदर, चांगले. त्याच्या समोर उभे असे ‘ओखटे’, म्हणजे वाईट. अगदी फेअर आणि फाउलसारखी ही जोडी, आणि तितकीच बिनरंगी. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरमाथ्यावर सत्तावन फुटांची बाहुबलीची मूर्ती कोरली गेली. जुन्यांतल्या जुन्या मराठी लेखांपैकी एक तिच्या पायाशी आहे. तिला गोमटेश्वर म्हणतात, आणि डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासारख्या पंडिताने त्या नावाचा संबंध आपल्या या गोमट्याशी जोडला आहे. ती मूर्ती पांढऱ्या संगमरवराची नाही, करड्या कातळाची आहे. तरी ती गोमटी. पुढे केव्हा तरी या गोमट्याने गोऱ्याचा हात धरला आणि ‘गोरागोमटा’ अशी जोडी जमली. आज गोमटा एकटा फारसा घराबाहेर पडत नाही. इंग्रजाने जे एका शब्दात केले ते आपण दोन शब्दांची गाठ मारून केले, एवढाच फरक.

आणि हे कुणी केले? ज्यांचा विठोबा सावळा, ज्यांचा कृष्ण नावानेच काळा, ज्यांच्या महाभारतातली सर्वांत सुंदर स्त्री द्रौपदी ‘कृष्णा’ म्हणून ओळखली जाते, त्यांनी. देव्हाऱ्यात सावळा रंग चालतो, सून पाहताना चालत नाही. पार्वतीला शंकराने थट्टेने काळी म्हटले आणि तिने रागाने तप करून गौर वर्ण मिळवला, ही पुराणकथा आपण गौरीपूजनाच्या दिवसांत कौतुकाने सांगतो. शंकराने ती थट्टा का करावी, असे विचारणारी एखादी मुलगी समोर बसलेली असेल, हे ध्यानात येत नाही.

तपाऐवजी पुढे डबी आली. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे मलम बाजारात आणले. नावातच दोन शब्द होते, गोरी आणि गोड, गोरी-गोमटीसारखेच. पंचेचाळीस वर्षे ते नाव घराघरांत होते. २०२० मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांवरील अन्यायाविरुद्ध मोठे आंदोलन झाले, त्याचे पडसाद जगभर उठले आणि त्या साली डबीवरचा ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. गंमत अशी की, न्याय या अर्थाच्या फेअरने गोरा या अर्थाच्या फेअरला डबीवरून उतरवले. असा प्रसंग एखाद्या शब्दाच्या चरित्रात क्वचितच येत असेल.

दुसऱ्याच्या डबीवर बोलून झाले. आता घरची डबी. कोश मिटल्यावर मी माझी पहिली कादंबरी काढली आणि हातात तांबडी पेन्सिल घेतली. वीस वर्षांपूर्वीचे ते लिखाण. तीत गोरा, गोरी, गोरेपान, गोरटेली हे शब्द मिळून अकरा ठिकाणी सापडले. प्रत्येक ठिकाणी तो शब्द खोडून वाक्य पुन्हा वाचले. नऊ ठिकाणी काहीही बिघडले नाही. याचा अर्थ, ते नऊ शब्द काही सांगतच नव्हते. नायिका चांगली आहे हे वाचकाला कळावे म्हणून मी केलेली ती नुसती खूण होती. तिचे चांगुलपण दाखवण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. रंग लावून मोकळा झालो होतो. उरलेल्या दोन ठिकाणी शब्द हवाच होता, कारण तेथे एक सासू सुनेच्या रंगावरून बोलत होती. तेथे तो राहू दिला.

यातून मला एक कसोटी सापडली. ती माझ्या लेखकमित्रांना आणि विशेषेकरून भाषांतरकारांना देऊन ठेवतो. फेअर दिसला की थांबावे. तो न्याय्य आहे की सुंदर, की नुसता बरा, की खरोखरच गोरा, हे ठरवल्यावाचून पुढे जाऊ नये. इंग्रजाला हा प्रश्न टाळता येतो, कारण त्याचा एक शब्द सारे पोटात घालतो. आपल्याला निवड करावी लागते, आणि ही अडचण नसून आपले भाग्य आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून १९५६ साली जे संगीत नाटक झाले त्याच्या नावात ‘फेअर लेडी’ आली. त्याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली मराठी नाटक केले, तेव्हा त्यांनी बालकवींची आठवण जागवून ‘ती फुलराणी’ म्हटले. त्या नावात मुलीचा रंग कोठे आहे? फुले तर सगळ्या रंगांची असतात.

त्या दिवशी मी त्या मुलीचा शेरा खोडून पुअर लिहिले नाही. फेअरवर एक रेघ मारली आणि शेजारी मराठीत लिहिले, “अक्षर वळणदार होते आहे, काना सरळ काढावा.” तेव्हापासून कोणत्याही रकान्यात मी एका शब्दाचा शेरा मारीत नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारले. रकाना लहान पडतो ही त्यांची तक्रार खरी आहे. मी बारीक अक्षरात लिहितो.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. मी हसलो होतो त्याबद्दल मी तिला अजून काही बोललेलो नाही; धीर झाला नाही. हा अंक हाती आला की तिच्याकडे पोहोचता करीन. फेब्रुवारीत तिचे फेअरवेल. त्या फेअरला रंग नाही, रूप नाही. त्याचा अर्थ फक्त ‘सुखाने जा’ एवढाच आहे, आणि तेवढा तरी मला तिला नीट समजावून सांगता येईल. तिचे काने आता सरळ येतात, हेही सांगायचे आहे.